शंभर दाणे आणि एक ओलं पोतं

(आमच्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण. छापताना थोडं वाढवलं आहे.)



मागच्या महिन्यात पाथरीकडच्या एका बचत गटाचा फोन आला. फोनवर चार-पाच जणी एकदमच बोलत होत्या. त्यांचं म्हणणं असं : “पोरांना शाळेत पर्यावरण शिकवतात म्हणे. घरी येऊन पोरं ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणतात आणि प्रकल्पाच्या वहीसाठी चित्रं आणायला पैसे मागतात. पण बोअर आटलं तर काय करायचं, बी घरचं पेरायचं की विकतचं, हे शाळेत कधी बोलत नाहीत का?”

प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. आम्हीही तीच प्रकल्पाची वही पाहिली आहे. बाजारात दहा-वीस रुपयांना चित्रांचे तयार तक्ते मिळतात. ‘जलप्रदूषण’, ‘वायुप्रदूषण’. मूल ते कापतं, चिकटवतं, खाली मजकूर उतरवून काढतं. चित्रातली नदी निळी असते आणि तिच्या काठावर नारळाची झाडं असतात. आपल्या दुधनेच्या काठी कुणी नारळ पाहिलाय का?

आज याच विषयावर बोलायचं आहे. शाळेत ‘शाश्वत जीवनशैली’ असा मोठा शब्द वापरतात. मोठ्या शब्दाला घाबरायचं कारण नाही. आपण गटात मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब ठेवतो. व्याजावर भागवलं तर गट वर्षानुवर्षं चालतो, मुद्दल खायला लागलो की बुडतो. जमिनीखालचं पाणी, मातीचा कस, गावठी बी हे सगळं गावाचं मुद्दल आहे. दरवर्षी पडणारा पाऊस म्हणजे व्याज. मुद्दलाला हात न लावता जगणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हा हिशेब वर्गात मांडायला गावात आपल्याइतकं तयार दुसरं कोण आहे, असं आम्हाला वाटतं. का वाटतं आणि तिथे आमच्याकडून एक चूक कशी झाली, तेही सांगणार आहोत.

आधी थोडी माहिती. पर्यावरण हा विषय शाळेत आपोआप आलेला नाही. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९९१ साली न्यायालयानं सांगितलं की पर्यावरणाचं शिक्षण प्रत्येक पातळीवर द्या. राज्यांनी चालढकल केली, म्हणून २००३ मध्ये पुन्हा बजावलं. आज आपल्याकडे लहान वर्गांना ‘परिसर अभ्यास’ असतो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं गेलं होतं, म्हणजे परभणीच्या लेकराला परभणीच्याच नद्या आणि तालुके वाचायला मिळावेत म्हणून. वरच्या वर्गांसाठी ‘जलसुरक्षा’ नावाचं पुस्तक आलं. शाळाशाळांत हरित सेना आली, इको क्लब आले.

तेव्हा कागदावर कमी काही नाही. पण पुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्यात तुमच्या गावची विहीर नसते. ती वर्गात कुणीतरी न्यावी लागते. गुरुजींनी न्यावी म्हटलं तर गुरुजी बहुतेक बाहेरगावचे, रोज मोटारसायकलवर येणारे. दोन शिक्षकांच्या शाळेत पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचं काम करायचं. त्यांना दोष देऊन आपण मोकळं होऊ नये. गावची विहीर त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

आता आमची चूक सांगतो.

आम्ही पहिल्यांदा वर्गात गेलो ते जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, सातवीच्या मुलांपुढे. विषय ठरवला होता चूल आणि धूर. सुरुवात म्हणून विचारलं, “कुणाच्या घरी चुलीवर स्वयंपाक होतो, हात वर करा.” आठ-दहा हात वर आले. मागच्या बाकावरची पोरं हसली. एका मुलीनं हात वर केला होता, तो हळूच खाली घेतला. आमच्या लक्षात आलं, पण आम्ही पुढे बोलत राहिलो. धुरानं डोळे जातात, फुप्फुसं खराब होतात, झाडं तुटतात, हे सगळं अगदी पाठ केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ती आमच्याच एका गटातली. उभ्या उभ्याच म्हणाली, “काल तुम्ही शाळेत काय इचारलं माय? पोरगी रात्री जेवली नाही. म्हणती, तू गॅसवर कामून करत नाहीस.”

आम्हाला उत्तर सुचलं नाही. तिच्या घरी उज्ज्वलाचा गॅस आहे. टाकी भरायला पैसे नसतात, म्हणून तो पाहुण्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी राखलेला. शेतात पऱ्हाट्या फुकट आहेत, तुराट्या आहेत, गोवऱ्या थापलेल्या आहेत. तिच्यासारखी काटकसर आमच्यापैकी एकीच्याही घरात नाही. पाण्याचा हंडा डोक्यावर आणणारी, भांडी धुतलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला घालणारी बाई. आणि आम्ही तिच्याच लेकीला वर्गात मान खाली घालायला लावली. बरं, धूर वाईट हे खोटं नाही. पण तो धूर तिच्या आईच्या निष्काळजीपणामुळे होत नाही, टाकीच्या किमतीमुळे होतो. हे न सांगता धुराबद्दल बोलणं म्हणजे अर्धं बोलणं.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. वर्गात कुणाच्या घराबद्दल हात वर करायला सांगायचं नाही. ‘तुमच्याकडे संडास आहे का, टँकरचं पाणी भरता का, प्लास्टिक कोण जाळतं’ यातलं काही नाही. प्रश्न विचारायचा तो शाळेबद्दल, गावाबद्दल, शिवाराबद्दल. आणि दिवसाला दोन कळश्यांवर भागवणाऱ्या घरच्या मुलाला ‘पाणी वाचवा’ असं शिकवायचं नाही. तो वाचवणार कुठून?

आम्ही त्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू द्या. मला एक डाव शाळेत नेऊन बसवा.” आम्ही विचारलं, काय दाखवशील? तिनं सांगितलं, “सोयाबीन.”

त्यातूनच आमचा हा सगळा उद्योग सुरू झाला.

सोयाबीनची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पण वर्गासाठी ती नीट समजून घेऊ. सोयाबीनच्या फुलात परागीकरण आतल्या आत होतं, म्हणून दाण्यात आईबापाचे गुण तसेच उतरतात. त्यामुळे एकदा चांगलं बी विकत घेतलं की पुढची दोन-तीन वर्षं त्याच्याच पिकातून बी राखता येतं. कृषी खातंही हेच सांगतं. कापसाचं तसं नाही. आपण लावतो तो बहुतेक संकरित कापूस, त्याची सरकी पुन्हा लावली तर झाडं सारखी येत नाहीत. तिथे दरवर्षी दुकानात जावंच लागतं. दोन पिकांतला हा फरक सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत कळतो. पण आम्ही विचारलं तेव्हा वर्गातल्या एकाही मुलाला तो ठाऊक नव्हता. त्यांच्या घरी दोन्ही पिकं होतात.

सोयाबीनचं बी मात्र नाजूक. वरचं टरफल पातळ असतं, आतला कोंब टरफलाला चिकटून असतो. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोतं वरून आदळलं, थप्पीवर थप्पी लावली की दाणा वरून चांगला दिसतो, पण आतून मेलेला असतो. म्हणून पेरणीआधी उगवण तपासायची.

त्या बाईनं वर्गात केलं ते असं. घरून ज्यूटचं एक पोतं आणलं, धुऊन ओलं केलं, फरशीवर पसरलं. राखून ठेवलेल्या सोयाबीनमधून मुलांकडून शंभर दाणे मोजून घेतले. निवडून नाही, जसे हाताला येतील तसे. हे ती दोनदा बजावून म्हणाली, कारण मुलं टपोरे दाणे वेचायला लागली होती. “पेरताना निवडून पेरशील का रे? मग इथं कामून निवडतोस?” दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, मध्ये बोटभर अंतर सोडलं. वरून दुसरं ओलं पोतं घातलं, हलकीशी गुंडाळी केली आणि ती सावलीत ठेवली. रोज सकाळी पाणी शिंपडायचं काम दोन मुलींकडे दिलं. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली.

वर्गात त्या दिवशी जी शांतता होती ती आम्ही विसरणार नाही. मुलं ओळीनं मोजत होती. धड कोंब आलेले दाणे भरले बासष्ट. बाकीचे काही कुजलेले, काही नुसते फुगलेले, काहींचा कोंब तुटका.

मग गुरुजी पुढे आले. शेकडेवारीचा धडा त्यांनी आधीच शिकवला होता, पण फळ्यावरची उदाहरणं सगळी नफा-तोट्याची. त्यांनी विचारलं, शंभरातले सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी लागतं. बासष्टच उगवले तर किती लागेल? मुलांनी गणित मांडलं. तीस गुणिले सत्तर भागिले बासष्ट. उत्तर आलं चौतीस किलोच्या जरासं आत. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे चार किलो जास्ती.” बाईनं त्याच्याकडे पाहून सांगितलं, “माझी सासू सुपात बी घेऊन हातानंच सांगायची, यंदा मूठ जड धर.”

गणित तेच होतं. सासूबाईंच्या मुठीत होतं, गुरुजींच्या खडूत होतं, फक्त दोघांची आजवर गाठ पडली नव्हती.

हा नुसता खेळ नाही. २०२० चा जून आठवा. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींवर तक्रारी गेल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कितीतरी घरांना दुबार पेरणी करावी लागली. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी आणि त्यासाठी पुन्हा गटाकडे किंवा सावकाराकडे हात. शंभर दाणे आधी भिजवून पाहिले असते तर सगळं टळलं असतं असं आम्ही म्हणणार नाही. पण विकतच्या पिशवीतले शंभर दाणे भिजवून पाहणं हा आपला हक्कच आहे. पिशवी खालच्या बाजूनं फोडायची, वरचं लेबल आणि शिवण तशीच ठेवायची, पावती जपायची आणि मूठभर बी बाजूला राखायचं. हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी घरी जाऊन बापाला सांगितलं. एका घरी बाप आधी रागावला, मग त्यानं पोतं भिजवलं.

बियाण्याच्या निमित्तानं आणखी एक गोष्ट निघाली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हसत हसत म्हणतो. पण परभणीच्या नावानं देशभर काय जातं हे मुलांना विचारा. आपलं कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी तिथलीच. ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी अलीकडची, तिच्यात लोह आणि जस्त जास्त. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर मिळून ती तयार केली. आणि ‘परभणी क्रांती’ ही भेंडी. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग पडायचा, शेतंच्या शेतं जायची. त्याला तोंड देणारी ही जात शास्त्रज्ञांनी केली ती भेंडीच्या एका रानटी जातभाईशी संकर करून. म्हणजे आपण ज्याला तण म्हणून उपटून फेकू, त्याचा गुण भाजीच्या कामी आला. बांधावरचं रान का राखायचं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. मुलांना ते जाम आवडतं, कारण त्यात त्यांच्या जिल्ह्याचं नाव आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. शाळेची पायरी न चढलेली बाई. गावठी बियाणं जपलं, बीज बँक उभी केली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आम्ही त्यांचं नाव घेतो ते पुरस्कारासाठी नाही. आपल्या गटातल्या कितीतरी जणी म्हणतात, “आम्ही अंगठेबहाद्दर, शाळेत जाऊन काय बोलणार?” त्यांच्यासाठी घेतो. अंबाडी, कारळ, जवस, बडदा मूग, लाल तूर, राखेत ठेवलेली चवळी. हे कुणाच्या घरी आहे ते आम्हाला माहीत आहे. आणि ती घरं शिकलेल्यांची नाहीत.

शाळा मुलांच्या जगण्याजवळ नेण्याचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिचं नावच कुरणशाळा. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला, त्यातही हाताच्या कामातूनच गणित आणि विज्ञान शिकायचं होतं. पुढे आपल्याकडे कार्यानुभव नावाचा तास आला आणि बऱ्याच शाळांत त्या तासाला मुलं कागदाची फुलं करू लागली. असो.

आता पाणी. हा विषय सोपा वाटतो, पण वर्गात सगळ्यात अवघड हाच गेला.

सोप्यापासून सुरू केलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. एवढं एक वाक्य मुलांना दिलं की बाकीचं ती करतात. शाळेचं छत मोजलं, शंभर चौरस मीटरच्या आसपास भरलं. वर्षाचा पाऊस आठशे मिलिमीटर धरला. म्हणजे ऐंशी हजार लिटर. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला तरी चौसष्ट हजार. दहा हजार लिटरचे सहा टँकर भरून उरेल इतकं पाणी एका शाळेच्या छतावरून नालीत जातं. एवढी मोठी टाकी बांधणं प्रत्येक शाळेला झेपणार नाही, हे खरं. पण पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडून पुढचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून शाळेच्याच बोअरजवळ मुरवता येतं.

मुरवण्यावरून एक सावधगिरी. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांचं मोठं काम झालं, ते पाहून आपल्याकडेही अनेकांनी खड्डे घेतले आणि काही ठिकाणी ते तुंबले. कारण आपली काळी माती. ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. खड्डा मातीतच संपवला तर त्याचं डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. हे वर्गात दाखवायला दोन तळफुटक्या बाटल्या पुरतात. एकीत काळी माती, एकीत मुरूम, दोन्हींत एक-एक पेला पाणी, आणि बघत बसायचं.

त्याही खाली आपल्याकडे काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. म्हणून एका शेतात दोनशे फुटांवर पाणी लागतं आणि शेजारी पाचशे फूट जाऊनही धूळ निघते. मुलांना वाटतं, जमिनीखाली समुद्र आहे. तो नाही, हे कळलं की बोअर घेण्याच्या शर्यतीचा अर्थ कळतो. गावच्या सार्वजनिक विहिरीची पातळी दोरी आणि दगडानं दर पंधरा दिवसांनी मोजून वर्गातल्या भिंतीवर लिहिली तर एका वर्षात मुलांपुढे सगळं चित्र उभं राहतं. मोजायला मोठ्या माणसानंच जायचं आणि कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना न्यायचंच नाही, हे आवर्जून सांगतो.

आता अवघड भाग. त्याच सातवीच्या वर्गात आम्ही उसाचं गणित घातलं. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षभरात जमिनीवर दोन मीटर उंची होईल एवढं पाणी लागतं असं धरू. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. पाणी झालं ऐंशी लाख लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज पंचावन्न लिटर धरतात. भागाकार केला तर एका एकराच्या उसात चारशे माणसांचं वर्षाचं पाणी. मुलं अवाक झाली. आम्हीही जरा खूश झालो, आकडा मोठा होता ना.

तेवढ्यात मागून एक मुलगा उठला. त्याच्या मामाकडे कालव्याखाली दोन एकर ऊस. म्हणाला, “मग कर्ज कशानं फेडायचं? सोयाबीननं?”

वर्ग हसला, पण तो हसत नव्हता. आणि त्याचं खरं होतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि कितीतरी जणांना त्याच्या बराच खाली माल घालावा लागला. उसाला ठरलेला भाव आहे, कारखान्याची गाडी शेतात येते, चार दिवस पाऊस लागला तर ऊस सोयाबीनसारखा काळा पडत नाही. गंगाखेड, सोनपेठकडून कोयता घेऊन ऊस तोडायला जाणारी घरं आहेत, त्यांची रोजी उसावर. आणि जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात प्यायला टँकर येतो तेव्हा जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली पाट वाहत असतो. एकाच जिल्ह्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि आपल्या परभणीत पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली. या मुलांनी दोन्ही टोकं पाहिली आहेत.

आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला उसाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उसाची खात्री. मुलांनीच भरले. ठिबकवर पाणी किती वाचतं, ठिबकचा संच किती रुपयांना, अनुदान कधी हातात येतं, पाणी वापरणाऱ्यांनी कुणाला विचारायचं, तळ्यावर हक्क कुणाचा. उत्तर निघालं नाही. तास संपला. गुरुजी नंतर म्हणाले, “या विषयावर गावात भांडणं होतात, वर्गात नको.” आमचं मत वेगळं आहे. भांडण न करता या विषयावर बोलायला गावात दुसरी जागा कुठे आहे? पण गुरुजींना उद्या त्याच गावात यायचं असतं, हेही आम्ही विसरत नाही. म्हणून आता उसाचं गणित आधी शाळा व्यवस्थापन समितीत सांगून मगच घेतो आणि गावातल्या कुणाच्याही शेताचं नाव येऊ देत नाही.

याच समितीबद्दल थोडं, कारण वर्गाचं दार तिथून उघडतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेत ही समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्यापैकी कितीतरी जणी तिच्या सदस्य आहेत. सही करायला बोलावतात, तेव्हा कळतं. पुढच्या बैठकीला जाताना एक मागणी लिहून न्या : महिन्यातून एका शनिवारी एक तास. शनिवारी दप्तराविना ‘आनंददायी शनिवार’ घ्यायचा असं शासनानंच सांगितलेलं आहे, तेव्हा मुख्याध्यापकांनाही उपक्रम हवाच असतो. कितीतरी शाळांत खिचडी शिजवण्याचं काम गटातल्याच बायकांकडे आहे. त्या रोज शाळेत असतात. शाळेच्या परसबागेत काय लावायचं, भांडी धुतलेलं पाणी कुठे सोडायचं, किती भात वाया जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांना स्वयंपाकघरातून वर्गात बोलवा. पहिल्यांदा त्या नाही म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

वर्गात गेल्यावर भाषण करू नका. आम्ही केलं होतं, त्याचं काय झालं ते सांगितलंच. दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, बाकीचा वेळ मुलांच्या हाताला काम द्यायचं. गुरुजींना आधी भेटून विचारा की सध्या कुठला धडा चालू आहे. शेकडेवारी चालू असेल तर सोयाबीन, क्षेत्रफळ असेल तर छत, बीजांकुरण असेल तर अंबाडी. त्यांचा धडा पुढे सरकला तर ते तुम्हाला पुन्हा बोलावतील. आणि एका वेळी दोघी जा. एकटीला घाबरायला होतं, आणि चौघी गेल्या तर आपसातच बोलत बसतात.

त्या मुलीचं काय झालं, असं परवा एका श्रोत्या ताईनं विचारलं. ती आता आठवीत आहे. शाळेच्या भिंतीवर विहिरीच्या पातळीचा तक्ता आहे, तो तीच लिहिते. तिच्या घरी अजूनही चूलच आहे. आईनं गटातून कर्ज काढून धुराडं असलेली सुधारित चूल घातली, पण पऱ्हाट्या ओल्या असल्या की तीही धुपते.

सोयाबीनची तपासणी करायची असेल तर ती एप्रिलमध्येच करा. एकदा उन्हाळी सुटी लागली की शाळा उघडते जूनच्या मध्यात, आणि तोवर पाऊस झाला असेल तर घरोघर पेरणीची घाई असते. शंभर दाण्यांचे तीन वेगवेगळे नमुने घ्या, म्हणजे तीन पोत्यांतून, आणि सरासरी काढायला मुलांना सांगा. ज्यूटचं पोतं घरूनच न्या. खताचं किंवा युरियाचं प्लास्टिकचं पोतं चालत नाही, त्यात पाणी धरत नाही. पोतं आधी साध्या पाण्यात दोनदा धुवा, नाहीतर त्याला लागलेल्या औषधानं कोंब मरतात आणि बिचाऱ्या बियाण्याला दोष लागतो. पाणी शिंपडायची पाळी कुणाची, हे पाटीवर लिहून ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही लिहिलं नव्हतं, आणि रविवारी कुणीच आलं नाही.